शून्य आरपीएम

मंडळी, आजचं पुराण एका फजितीचं आहे. फजिती अर्थातच माझी. दिवसभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सर्व्हरचे आलेख बघायचा मला पगार मिळतो, आणि घरातल्याच एका साध्या पीसीचा बंद पडलेला पंखा मला दिसला नाही. दिसला नाही असंही नाही म्हणा. दिसला होता, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तर झालं असं. माझ्या आत्तेभावाचा भोसरी एमआयडीसीत गाळा आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, दहा-बारा माणसं. माल बहुतेक चाकणला जातो. ऑफिस म्हणजे शॉपच्या कोपऱ्यातलं प्लायवूडचं केबिन, आणि त्यात टेबलाखाली एक आठ-नऊ वर्षांचा पीसी. ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्रॅम, माल निघण्याआधी भरायचे पीडीआय रिपोर्ट, सगळं त्यातच. तीन वर्षांपूर्वी त्यावरचं विंडोज फारच रडायला लागलं तेव्हा मीच छाती फुगवून लिनक्स चढवलं होतं. तेव्हापासून तो पीसी कागदोपत्री दादाचा आणि दुखण्याखुपण्याला माझा.

एप्रिलच्या शेवटी दादाचा फोन आला. "अरे, हा दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडतोय. दहा मिनिटं थांबून बटण दाबलं की परत चालू होतो."

दुपारी तीन, एप्रिल, वर पत्रा. उत्तर फोनमध्येच होतं. पण आम्ही पडलो इंजिनियर, आम्हाला आकडा लागतो. शनिवारी निगडीहून स्पाइन रोडने गेलो आणि 'सेन्सर्स' ही कमांड चालवली. फक्त प्रोसेसरच्या कोअरचं तापमान आलं, ६८, ७०, ७१. अगदी सज्जन आकडे. पंखे, व्होल्टेज, बोर्डाचं तापमान यांचा पत्ताच नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोअरचं तापमान प्रोसेसर स्वतः सांगतो. बाकी सगळं मोजायला मदरबोर्डवर एक वेगळी चिप असते, सुपर आयओ नावाची, बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीई या कंपनीची. लिनक्समध्ये तिच्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो. बोर्डावर नेमकी कुठली चिप आहे ते 'सेन्सर्स-डिटेक्ट' नावाची स्क्रिप्ट शोधून देते. ही सगळी हत्यारं 'एलएम-सेन्सर्स' या प्रकल्पाची. १९९८ च्या सुमारास तो सुरू झाला, आणि नावातलं 'एलएम' आलं नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७५, एलएम७८ या चिपांवरून. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, पण नाव राहिलं ते राहिलं.

स्क्रिप्टने नुवोटॉनची चिप शोधली. ड्रायव्हर चढवायला गेलो तर नकार. कर्नलच्या लॉगमध्ये लिहिलेलं की हा पत्ता एसीपीआयने आधीच धरून ठेवलाय. नेटवर शोधलं तर दहापैकी नऊ ठिकाणी एकच रामबाण उपाय: बूट होताना कर्नलला एक ओळ द्यायची, 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस' बरोबर 'लॅक्स'. दिली. रीबूट केलं. आणि आकड्यांचा धबधबा सुरू झाला.

एका तापमानाला १२७ अंश. दुसऱ्याला उणे ६२. हो, भोसरीत, एप्रिलमध्ये! बारा व्होल्टची लाइन दाखवतेय एक व्होल्ट. पाच पंख्यांपैकी एकाला १४५० आरपीएम आणि बाकी चौघांना शून्य. शिवाय 'सिस्टिन' नावाचं एक तापमान, ५८ अंश.

मी हसलो. दादालाही दाखवलं. म्हटलं, "हे सेन्सर येडे आहेत. नाहीतर हा पीसी एकाच वेळी उकळतोय आणि गोठतोय." मग कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जे जे विचित्र दिसलं त्याच्यापुढे 'इग्नोर' लिहून टाकलं. १२७ गेला, उणे ६२ गेला, चारही शून्यवाले पंखे गेले. त्यांच्या संगतीत ५८ सुद्धा गेला. खाली उरला एक सुंदर, स्वच्छ, हिरवागार तक्ता. बंद पडण्याचं खापर मी यूपीएसच्या बॅटरीवर फोडलं, बॅटरी बदलायला सांगितली आणि मिसळ खाऊन घरी आलो. निघताना म्हटलंसुद्धा, "पुढच्या शनिवारी बॅकअपची स्क्रिप्टपण लावून देतो."

तो पुढचा शनिवार काही आला नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी पीसी बंद पडला आणि परत चालूच झाला नाही. माल तयार, टेम्पो दारात, आणि पीडीआय रिपोर्ट त्या डब्यात. डिस्क शाबूत होती, ती दुसऱ्या पीसीला लावून रिपोर्ट काढेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. रिपोर्टशिवाय माल गेटमधून आत घेत नाहीत, त्यामुळे टेम्पो सकाळी गेला. तोवर समोरच्याच्या लाइनवर खोळंबा झालेला. दादा स्वतः चाकणला जाऊन हात जोडून आला, तरी डेबिट नोट आलीच. रक्कम मी सांगत नाही. दादानेही मला सांगितली नाही, मला ती आत्याकडून कळली. तो मला एका शब्दाने काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

रविवारी पीसी घरी आणला. माझे बाबा निवृत्त आहेत. सगळा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला, फर्स्ट शिफ्ट, डोळ्याला भिंग. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही असं मी समजत होतो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाजूचा पत्रा काढला, आणि मागच्या पंख्याला बोट लावलं. पंखा हललाच नाही. कूलंटचा तेलकट थर आणि त्यावर धूळ, असा चिकटून बसला होता. प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेटांपाशी बोर्ड काळपट पडलेला.

"हा पंखा बंद आहे हे तुझ्या त्या यादीत दिसत नव्हतं का?"

दिसत होतं. पंखा क्रमांक एक, शून्य आरपीएम. चार शून्यांपैकी तीन खोटी होती, कारण तिथे पंखे जोडलेलेच नव्हते. चौथं खरं होतं. आणि ते ५८ अंशही खरे होते. डब्यातली गरम हवा बाहेर जात नव्हती, बोर्ड भाजत होतं. प्रोसेसरला स्वतःचा पंखा असल्यामुळे त्याचे आकडे मात्र सज्जन.

बोर्ड निव्वळ त्या पंख्यामुळेच गेलं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण मशीन ओरडत होतं आणि मी त्याचं तोंड दाबलं, एवढं मला पुरतं.

बाबांनी मग मला जे ऐकवलं ते त्यांच्या भाषेत होतं. "जॉब रिजेक्ट करायच्या आधी गेज तपासायचा. आणि गेज चुकीचा वाटला तर तो फेकून नाही द्यायचा, मास्टर लावून बघायचा, किती चुकतोय ते."

हे वाक्य मी महिनाभर डोक्यात घोळवतोय. आपल्या या पट्ट्यात कुठल्याही गाळ्यात जा, साध्या व्हर्नियरवरसुद्धा कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं. कधी तपासलं, पुढची तारीख काय. ऑडिटर आला की सगळ्यात आधी ते बघतो. मोजणारं साधन किती चुकतं, एकाच जॉबवर दोन माणसं दोन आकडे काढतात का, याचासुद्धा अभ्यास करतात. दहावी-आयटीआय झालेली पोरं हे करतात. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले? डॅशबोर्डवर आकडा आला की तो वेदवाक्य. नाही आवडला तर म्यूट.

माझं स्पष्ट मत झालंय: या प्रकरणात दोष ड्रायव्हरचा नव्हता. लिनक्सचं ते गबाळं, उणे ६२ वालं आउटपुट हेच खरं प्रामाणिक होतं. कसं ते सांगतो.

बारा व्होल्ट एक व्होल्ट का दिसले? कारण अशा अनेक चिपांना साधारण दोन व्होल्टांपर्यंतच मोजता येतं. मोठं व्होल्टेज मोजायचं तर बोर्डावर दोन रेझिस्टर लावून ते विभागून चिपकडे पाठवतात. कितीने विभागलं हे फक्त बोर्ड बनवणाऱ्याला माहीत. ड्रायव्हर बिचारा चिपच्या पायावर जे आहे ते सांगतो, गुणायचं काम तुमचं. फाइलमध्ये 'कॉम्प्युट'ची ओळ त्यासाठीच असते. १२७ आणि उणे ६२ का? कारण त्या पायांना काही जोडलेलंच नाही. ड्रायव्हर लिहिणारे लोक बोर्डाचा नकाशा न बघता, मिळालीच तर डेटाशीट वाचून हे काम करतात. जाँ देल्वार यांनी वर्षानुवर्षं केलं, आता ग्युंटर रोक तो विभाग सांभाळतात. विंडोजवर कंपनीचा रंगीत प्रोग्रॅम बरोबर आकडे दाखवतो, कारण नकाशा कंपनीच्या खिशात असतो. तो कागद उघड करायला काय हरकत आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. बोर्ड आपण पैसे देऊन विकत घेतो. पंख्याची वायर कुठे जाते हे व्यापारी गुपित कसं काय?

आणि ते 'लॅक्स'. त्याच्याबद्दल तर कळकळीने सांगतो. कर्नलने २.६.३१ पासून, म्हणजे २००९ पासून, ही अडवणूक मुद्दाम सुरू केली. चिपशी बोलायची पद्धत दोन पायऱ्यांची आहे: आधी कुठला रजिस्टर ते सांगायचं, मग वाचायचं किंवा लिहायचं. बायोसचा एसीपीआय कोडही त्याच दारातून जात असेल आणि दोघं एकाच वेळी घुसले, तर एकाने निवडलेल्या रजिस्टरमध्ये दुसरा लिहून बसतो. पंख्याचा वेग बदलायचा तो भलताच काहीतरी बदलायचा. हे नुसतं पुस्तकी भय नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला काही आयबीएम थिंकपॅडमधली ईप्रॉम चिप नुसत्या या शोधाशोधीमुळे बिघडली होती. लॅपटॉप सुरूच होईनात, दुरुस्तीला पाठवावे लागले. त्यानंतर ड्रायव्हरमध्ये आयबीएमची यंत्रं ओळखून हात आखडता घ्यायची सोय केली गेली. म्हणजे मोजायला गेलं तर मोजमापानेच जॉब मोडला. कुठल्याही इन्स्पेक्टरच्या अंगावर काटा यावा!

कंपन्यांचे स्वतःचे आकडेही देवाघरचे नसतात. २०१७ मध्ये एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सने सांगितलेलं तापमान प्रत्यक्षापेक्षा २० अंशांनी जास्त होतं, मुद्दाम, पंख्यांचं नियंत्रण सारखं राहावं म्हणून. इंटेलचा कोअर सेन्सर कमाल मर्यादेपासून आपण किती लांब आहोत ते मोजतो. त्यामुळे मर्यादेजवळ तो भरवशाचा आणि थंड असताना ढिला.

मग करायचं काय? बाबांची पद्धत. मास्टर लावायचा. नव्या बोर्डावर आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार हेच केलं. रात्रभर बंद ठेवलेला पीसी सकाळी सुरू केल्याबरोबर बोर्डाचं तापमान खोलीच्या तापमानाच्या जवळपास हवं. नसेल तर तो सेन्सर संशयित. एकेक पंखा काढून बघायचा, कुठला आकडा शून्य होतो. (वेग तिसऱ्या तारेवरून कळतो. दोन तारांचा पंखा छान फिरत असला तरी शून्यच दाखवणार.) बारा व्होल्ट मल्टिमीटरने मोजायचे आणि गुणक काढायचा. रीबूट करून बायोसच्या पानाशी ताडून बघायचं. स्क्रिप्ट लिहिताना 'एचडब्ल्यूमॉन०', 'एचडब्ल्यूमॉन१' या क्रमांकांवर विसंबायचं नाही, ते बूट होताना बदलू शकतात, चिपच्या नावाने शोधायचं. आणि 'इग्नोर' लिहायचं ते फक्त रिकामी पिन स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर. शेजारी शेऱ्यात कारण आणि तारीख.

या वेळच्या बोर्डावर ड्रायव्हर 'लॅक्स'शिवाय चढला. चढला नसता तर मी नुसत्या कोअरच्या तापमानावर भागवलं असतं आणि दर महिन्याला पत्रा उघडून पंख्याला बोट लावलं असतं. ते बोट अजून तरी कुठल्याही ड्रायव्हरवाचून चालतं. :)

सोमवारी ऑफिसात गेलो आणि आमच्या टीमने म्यूट केलेल्या अलर्टांची यादी काढली. एकाही अलर्टपुढे कारण लिहिलेलं नव्हतं. त्यातले दोन मीच म्यूट केले होते. तुमच्याकडेही असतील, एकदा बघा.

दादाचा पीसी आता केबिनमध्ये टेबलावर आहे, खाली नाही. बॅकअप रोज रात्री होतो. आणि डब्यावर बाबांनी त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात एक पांढरं स्टिकर चिकटवलंय: तपासल्याची तारीख, पुढची तारीख, आणि खाली सही. पुढची तारीख दिवाळीच्या आधीची आहे. सहीची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवलीय.