उत्कृष्टतेची सोडत

शाळेचा पहिला तास भरण्याआधीच तिच्या पाटीवर ‘उत्कृष्ट’ रंगवून घ्यायला खास सरकारी निर्लज्जपणा लागतो. छत्तीसगड सरकारने तो 2020 साली दाखवला. योजनेचं नाव एका दमात म्हणून बघा: स्वामी आत्मानंद शासकीय उत्कृष्ट इंग्रजी माध्यम विद्यालय! जुन्या सरकारी शाळा निवडल्या, त्यांना रंगरंगोटी, प्रयोगशाळा, ग्रंथालयं दिली. हे चांगलंच केलं. माझं भांडण पैशाशी नाही, पाटीवरच्या त्या विशेषणाशी आहे.

दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांतही आता ऐकू येतं, “आमची नात उत्कृष्टमध्ये लागली हो!” लागली म्हणजे काय झालं? जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. चिठ्ठी निघाली तर पोर उत्कृष्ट. आणि नाही निघाली तर? पलीकडच्या गल्लीतल्या, पाटी न बदललेल्या सरकारी शाळेला मग काय म्हणायचं? सरकारने तो शब्द उच्चारलेला नाही, पण सातवीतल्या पोराला तो बरोबर कळतो. आपल्याच बाकीच्या शाळा हलक्या आहेत, ही कबुली या सरकारने ऑइलपेंटने लिहून भिंतीवर टांगली आणि वर फीत कापली! त्यात उत्कृष्टतेची गाठ इंग्रजीशी मारली. हिंदी माध्यमाच्या आत्मानंद शाळा मागाहून सुचल्या. तोवर घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला आपल्या जिभेची किंमत समजून चुकली होती.

आणि नाव कुणाचं वापरलं? आत्मानंदांचं. नागपुरात गणित शिकलेला, पुढे रामकृष्ण मिशनचा संन्यासी झालेला हा माणूस अबूझमाडच्या आदिवासी मुलांसाठी नारायणपूरला आश्रम आणि शाळा उभी करायला गेला. ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं त्यांच्याकडे तो गेला. त्याच्या नावाने मुलांची चाळण लावणं ही मला सरळसरळ विटंबना वाटते.

उत्कृष्टता मोजतात कशी, हे निदान भिलाईला तरी शिकवायला नको. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. पुढे इथे रूळ बनू लागले आणि देशाची रेल्वे मुख्यतः त्यांवरच धावत आली आहे. रुळासाठीच्या वितळलेल्या पोलादात हायड्रोजन दहा लाखांत 1.6 भागांपेक्षा जास्त चालत नाही. जास्त राहिला तर आत केसाएवढ्या भेगा पडतात, पुढे रूळ तुटतो आणि माणसं मरतात. म्हणून रुळाच्या अंगावर कारखान्याचं नाव, पोलादाची प्रत, महिना आणि वर्ष उठवतात. दोष निघाला तर कुणी, कधी बनवला ते सापडलं पाहिजे. विशेषणाला तिथे जागाच नाही.

त्याच कारखान्याने सर्वोत्तम पोलाद कारखान्याचा पंतप्रधान करंडक 11 वेळा जिंकला. 14 जून 2018 ला पंतप्रधानांनी त्याचा आधुनिक विस्तार राष्ट्राला अर्पण केला. चार महिनेही झाले नव्हते, 9 ऑक्टोबरला कोक ओव्हनजवळच्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला आणि दहाहून अधिक कामगार गेले. 2014 च्या जूनमध्येही इथेच विषारी वायूने सहा जीव घेतले होते. सांगा, करंडकांनी कुठली झडप बंद केली?

आधीच विशेषण चिकटवण्याचा हा रोग एकट्या छत्तीसगडचा आहे असं समजून पुण्या-मुंबईकरांनी निवांत बसू नये. जुलै 2018 मध्ये, आपले पुणेकर प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकासमंत्री असताना, केंद्राने सहा संस्थांना विशेष प्रतिष्ठेचा दर्जा जाहीर केला. त्यांत आयआयटी मुंबईच्या पंगतीला जिओ इन्स्टिट्यूट बसली. तेव्हा तिला इमारत नव्हती, विद्यार्थी नव्हता, वर्ग नव्हता. पहिले विद्यार्थी 2022 मध्ये आले. बारशाआधीच जीवनगौरव! नियमात नव्या संस्थांसाठी वेगळा कप्पा होता, असा खुलासा झाला. असा नियम लिहिणाऱ्याचीच आधी परीक्षा घ्यायला हवी.

भिलाईजवळच्या गनियारीच्या, महाभारताची पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंना कुठल्याही शाळेने उत्कृष्ट ठरवलं नव्हतं, कारण शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. बाईने उभं राहून, हातात तंबोरा घेऊन भीम-दुःशासन गर्जवायचे नाहीत, असा दंडक होता. त्यांनी तो मोडला आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं. त्या गात राहिल्या. 2019 चा पद्मविभूषण त्यांच्या मागे धावत आला, त्यांच्या पाटीवर आधी लिहिलेला नव्हता.

म्हणून शाळांच्या पाटीवरचा तो शब्द खरवडून काढा. त्या जागी लिहा: गणिताला शिक्षक आहे की नाही, किती पदं रिकामी आहेत, प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा निघतं. खाली महिना आणि वर्ष घाला. आणि हे दुर्ग जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेच्या दारावर लिहा, सोडत न काढता.