‘नेट स्लो आहे’ एवढ्याने भागत नाही, मोजून दाखवा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की वस्तीतल्या मुलांचे गाऱ्हाणे ठरलेले: फॉर्म भरला, पण दाखले अपलोडच होत नाहीत. कंपनीला फोन केला तर ‘आमच्याकडे सगळे ठीक दिसते’. म्हणून आम्ही अभ्यासिकेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना नेट मोजायला शिकवायला घेतले.

सुरुवात भागाकाराने केली. जाहिरातीतले ४० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाईट. मुले म्हणाली, ही तर फसवणूक! फसवणूक नव्हे, पण ग्राहकाला हिशोब येत नाही हे कंपन्यांना ठाऊक असते. मग ट्रायचे मोफत मायस्पीड ॲप उघडले. त्यात डाऊनलोड आणि अपलोड वेगवेगळे दिसतात, आणि आपले दुखणे बहुधा अपलोडचे असते.

इथेच धोरणाचा प्रश्न येतो. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. किमान डाऊनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला. अपलोडला मात्र किमान मर्यादाच नाही. व्हिडीओ बघणारा ग्राहक डोळ्यासमोर ठेवला, अर्ज भरणारा विद्यार्थी नाही, असे आमचे मत आहे.

पुढचा प्रयोग पिंगचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ७ मिलिसेकंद लागणारच. त्यावरचा उशीर वळसे, जुनी यंत्रे आणि गर्दी यांचा. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला तोच फोन, तीच जागा धरून मोजले की गर्दी आपोआप दिसते.

एका घरी मात्र आमचीच तक्रार खोटी ठरली. राऊटर पत्र्याच्या भिंतीपलीकडे होता. तो अलीकडे आणताच वेग सुधारला. बरे झाले, कंपनीशी भांडायला निघालोच होतो. आता मुले आधी केबल लावून मोजतात, मग वायफायवर.

तारीख, वेळ, जागा, फोन, प्लॅन आणि तीन वेळा मोजलेले आकडे, एवढे रकाने वहीत पुरतात. तक्रार केली की क्रमांक लिहून ठेवायचा; निकाल पटला नाही तर कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तिथे जाताना वहीची झेरॉक्स सोबत जोडा. अर्जांची मुदत सुरू होण्याआधी निदान दोन आठवड्यांच्या नोंदी हाताशी हव्यात, म्हणजे ही वही आजच सुरू करायला हवी.