कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य येत्या हिवाळ्याआधी सर्वांना जाण्यायोग्य करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, वाशिम

विषय : चालण्यास अडचण असलेल्या दिव्यांग व ज्येष्ठ नागरिकांना अभयारण्यात हिवाळी भेट देता यावी यासाठी वाट, निरीक्षणस्थळ, शौचालय, वाहन व पूर्वमाहितीची सोय करणेबाबत.

संदर्भ : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६.

महोदय,

आम्ही कारंजा, मानोरा व मंगरूळपीर तालुक्यांतील रहिवासी उपरोक्त विषयी आपणांस विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो. आमच्यापैकी काहींचा पाय लहानपणी पोलिओने गेला. काही जण अपघातात मणका दुखावल्याने व्हीलचेअरवर आले आणि काही जण अर्धांगवायूतून सावरत आहेत. गुडघ्यांमुळे काठीशिवाय चार पावलेही न टाकता येणारी वडीलधारी मंडळीही आमच्यात आहेत. आमच्यासाठी सहल म्हणजे आठवडाभर आधीपासून केलेला हिशेब असतो.

आपल्या जिल्ह्याला काळविटांचे अभयारण्य लाभले आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. दाट जंगल नसलेला हा उघडा, कोरडा गवताळ माळ आहे. असे माळ कागदोपत्री ‘पडीक’ ठरतात, पण काळविटाला हवा असतो तो हाच मोकळेपणा, कारण लांबवर नजर टाकणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण आहे. हा माळ आमच्या घराजवळ आहे, तरी आमच्यापैकी बहुतेकांनी काळवीट पाहिला तो दूरदर्शनवर.

या भेटीसाठी आम्हाला हिवाळ्यावाचून दुसरा ऋतू नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला लपेटून बसते आणि खुर्ची जागची हलत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. मणक्याची इजा झालेल्या माणसाच्या शरीराला इजेखालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे त्याला ऊन लागण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्यांतही पहाटेचा गारठा आमच्या कामाचा नाही, कारण संवेदना नसलेल्या पायाला थंडी बाधली तरी कळत नाही आणि संधिवाताचे सांधे ऊन वर आल्याशिवाय मोकळे होत नाहीत. कॅलिपर बांधणे, कॅथेटरची स्वच्छता, आंघोळ, कपडे या सगळ्यालाच सकाळचे दोन तास जातात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच एवढाच वेळ आम्हाला सोयीचा असतो. या वेळांत आम्हाला प्रवेश मिळावा आणि ‘पहाटे आलात तरच काही दिसेल’ असे सांगून फाटकावरून परत पाठवू नये.

सर्वांत आधी आम्ही माहिती मागतो, कारण तिला जवळपास खर्च येत नाही. धडधाकट माणूस निघतो आणि तिथे गेल्यावर काय ते पाहतो. आम्हाला तसे निघता येत नाही. मुख्य रस्त्यापासून फाटक किती अंतरावर आहे, गाडी कुठपर्यंत जाते, पुढची वाट मुरमाची आहे की मातीची, चढ किती, पायऱ्या किती, शौचालयाचे दार किती रुंद आहे, बसायला कुठे मिळेल आणि मोबाइलला रेंज कुठे येते, हे घरी बसून कळले तरच घरचे गाडी काढायला तयार होतात. एका ठिकाणी ‘सगळी सोय आहे’ असे फोनवर ऐकून आमच्यातील एक कुटुंब गेले. फाटकापुढे पायऱ्या निघाल्या आणि आजीबाई दिवसभर गाडीतच बसून राहिल्या. म्हणून आमची मागणी आहे की, ही माहिती मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि छायाचित्रांसह जिल्ह्याच्या संकेतस्थळावर, कारंजा बसस्थानकावर व तहसील कार्यालयात लावावी. जे नाही ते ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे, आणि चौकशीसाठी एक दूरध्वनी क्रमांक व जबाबदार कर्मचारी नेमावा.

दुसरी मागणी वाटेची. अभयारण्यात सिमेंटचा रस्ता करावा असे आमचे म्हणणे नाही, आणि कोणी तसा प्रस्ताव मांडला तर आम्ही त्याला विरोध करू. माळ मोडून केलेली सोय आम्हाला नको. पण हिवाळ्यात काळी माती भेगाळते आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाके नेमकी त्या भेगांत अडकतात. खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. वाटेवर सराटे असले तर हवेची चाके पंक्चर होतात, आणि माळावर पंक्चर काढणार कोण? म्हणून फाटकापासून निरीक्षणस्थळापर्यंत एकच वाट, दोन खुर्च्या शेजारून जाऊ शकतील इतकी रुंद, मुरूम टाकून व रोलर फिरवून घट्ट करावी. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तिच्यावरचे सराटे व कुसळी गवत काढावे. थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असे बाक असावेत.

निरीक्षणस्थळाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक बहुधा इथेच होते. उंच मनोरा आणि त्याला लोखंडी शिडी ही आपल्याकडची ठरलेली रचना आम्हाला निरुपयोगी आहे. जमिनीवर लपण बांधले तरी भिंतीतील फट उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात, आणि खुर्चीवरच्या माणसाला समोर फक्त भिंत दिसते. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात आणि लहान मुलाचे त्याहूनही खाली. हिवाळ्यातले वाळलेले गवत कमरेएवढे असले तर खुर्चीवरून गवतापलीकडचे फारसे काही दिसत नाही. यावर साधा उपाय आहे. दोन फूट उंचीचा मुरमाचा ओटा करावा, त्यावर गवताने शाकारलेले लपण असावे आणि फट साडेतीन ते साडेचार फुटांच्या दरम्यान आडवी ठेवावी. एकास बारा या प्रमाणाने दोन फूट उंचीला चोवीस फूट लांबीचा उतार लागतो. त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. काम गावच्या गवंड्याला जमण्याजोगे आहे. जागा मात्र वन्यजीव विभागानेच ठरवावी, म्हणजे कळपाच्या पाणवठ्याला व येण्याजाण्याला धक्का लागणार नाही.

शौचालयाची मागणी लिहिताना संकोच वाटतो, पण ती न लिहिल्यामुळेच ती सोय होत नाही. आमच्या घरांतील बायका बाहेर जायचे असेल तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. फाटकाजवळ एक तरी शौचालय असे असावे, ज्याचे दार तीन फूट रुंद व बाहेर उघडणारे असेल, आत खुर्ची वळवता येईल, कमोड व धरायला दांडी असेल, आणि ज्याला कुलूप लावून चावी दुसऱ्या गावी नेली जाणार नाही.

वाहनाचेही तसेच. राज्य परिवहनच्या बसमध्ये दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. त्याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत. पण बसची पायरी उंच आहे आणि बस फाट्यावर सोडते. हिवाळ्यात ठरावीक दिवशी कारंजा बसस्थानक ते निरीक्षणस्थळ अशी, मागे उतरती फळी असलेली विजेवर चालणारी रिक्षा ठेवावी. तिचा आवाज फारसा नसल्याने कळप कमी बुजेल. चालक व मदतनीस शेजारच्या गावांतील तरुण असावेत. उभ्या पिकात काळविटांचे कळप शिरल्याचा तोटा तेच सोसतात, त्यामुळे अभयारण्यातून येणाऱ्या मिळकतीवर पहिला हक्क त्यांचाच आहे. न विचारता खुर्ची ढकलू नये, माणसाला उचलू नये, एवढे शिक्षण त्यांना जरूर द्यावे. ही व्यवस्था होईपर्यंत आमची स्वतःची गाडी आतपर्यंत नेण्याची परवानगी असावी, आणि त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची सक्ती नसावी, कारण गुडघे गेलेल्या आजोबांकडे ते प्रमाणपत्र नसते.

शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. ‘तुला जमणार नाही, तू घरीच थांब’ हे वाक्य आमच्या मुलांनी दरवर्षी ऐकले आहे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग त्याच गप्पांत रंगतो आणि हे मूल गप्प बसते. अभयारण्य जाण्यायोग्य झाल्यावर शिक्षण विभागाने सहलीतून एकाही मुलाला वगळू नये, असे लेखी निर्देश द्यावेत.

आम्ही दया मागत नाही. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २९ सांस्कृतिक जीवन व करमणुकीत समान सहभागाचा हक्क देते. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०१७ च्या नियमांपासून मोजली तर २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात मा. सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशी न राहता बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले आहे.

अशा जागी हे करता येते, याचा दाखला आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स हे पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वाळूवरून उचललेली फळ्यांची पायवाट केली आहे आणि खुर्चीवरचा माणूस तिच्यावरून टेकड्यांमध्ये जातो. सरकत्या वाळूत जे जमले, ते आपल्या घट्ट माळावर जमायला हरकत नसावी.

कारंजा हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. गुरुमंदिरात दर्शनाला येणाऱ्यांत वृद्ध मंडळी मोठ्या संख्येने असतात, आणि समृद्धी महामार्गामुळे आता नागपूरकडून येणेही सोपे झाले आहे. ही सोय त्यांनाही उपयोगी पडेल.

यास्तव विनंती की, आपल्या अध्यक्षतेखाली वन्यजीव विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग व समाजकल्याण विभाग यांची बैठक पंधरा दिवसांत बोलवावी. त्यानंतरच्या संयुक्त पाहणीत आमच्यापैकी व्हीलचेअर वापरणारे किमान दोघे सोबत घ्यावेत. नकाशावर न दिसणारी अडचण चाकाला लगेच कळते. वाट, ओटा व शौचालय यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून तरतूद करावी, माहितीफलक ऑक्टोबरअखेर लावावेत, आणि ३ डिसेंबर या जागतिक दिव्यांग दिनी पहिली भेट आयोजित करावी. एखादी मागणी मान्य करणे शक्य नसेल तर तिचे कारण आम्हास लेखी कळवावे. पाहणीच्या दिवशी आम्ही आमच्या खुर्च्या, काठ्या व कॅलिपरसह फाटकावर हजर राहू. कृपया तारीख कळवावी.

आपले विश्वासू,
कारंजा, मानोरा व मंगरूळपीर तालुक्यांतील दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
वन्यजीव विभाग, अकोला
जिल्हा समाजकल्याण अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
तहसीलदार, कारंजा