मोरीला पाजलेली वाईन

नाताळ संपून संक्रांत यायच्या आतल्या एका रविवारी आमच्या घरी 'पॉटलक' झालं. शब्द सुनेचा. मला आधी वाटलं, हा काहीतरी लॉटरीचा प्रकार असणार! मग कळलं, प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. म्हटलं, अगं, मग अंगतपंगत म्हण की. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही इतकी वर्षं दुसरं काय केलं?

पण नंतर विचार करताना वाटलं, नाही, हे तेच नव्हे.

मी १९७६ साली लग्न होऊन वसई गावात आले. आमच्या आळीत शेजारी ख्रिस्ती घर, पलीकडे वाडवळांचं, समोर पूर्वी वाडी होती तिथे आता चार मजली इमारत. दिवाळीला फराळाचं ताट इकडून तिकडे जायचं आणि नाताळात केक-करंज्यांचं तिकडून इकडे यायचं, वर क्रोशाचा रुमाल. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने सांगायचो, 'आमच्याकडे किती सलोखा आहे बघा!' खरं सांगू? कुंपणावरून ताटं गेली, माणसं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांत आम्ही एकमेकांच्या स्वयंपाकघराशी बसून जेवलो नव्हतो. लग्न-बारसं सोडा, तिथे केटरर असतो.

आणि नाताळच्या ताटाबरोबर दरवर्षी एक बाटली यायची. घरची वाईन. काळ्या मनुकांची, कधी जांभळांची. 'थँक्यू हं' म्हणून मी ती घ्यायची आणि दार लावलं की मोरीत ओतायची. दरवर्षी. त्याला कारण होतं. माझे धाकटे दीर दारूने गेले, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यांना हॉस्पिटलात डबे मीच पोचवले होते. त्यानंतर या घरात थेंब येणार नाही, असं मी ठरवलं होतं.

त्यामुळे सुनेने यादी केली आणि त्यात शेजारणीच्या नावापुढे 'वाईन' लिहिलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मुलगा मध्ये पडला, "आई, वाईन म्हणजे दारू नव्हे, फळांचा रस." २०२२ साली सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला होता आणि केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा काही पुढारीही असंच म्हणत होते. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. त्यात अल्कोहोल आहे, चढते, म्हणजे दारू आहे. उगाच रस म्हणून कशाला फसवायचं? आणायची तर दारू म्हणून आणावी.

सून काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं, "मग त्यांना काय सांगू? तुमचं सगळं चालेल, एवढं सोडून?"

मला एकदम पंचहौद मिशनचा चहा आठवला. इतिहास शिकवायचे ना मी! १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांच्या घरी आपली मोठी मंडळी गेली, टिळक होते, रानडे होते. समोर चहा-बिस्किटं आली. मग त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढं ग्रामण्य माजलं! पुढे रानड्यांनी प्रायश्चित्तसुद्धा घेतलं. एका कप चहाचं! वर्गात हा भाग आला की मुलं हसायची, मीही हसायची. आता त्यांच्या पंक्तीला मी बसत होते की काय?

अर्थात चहा आणि वाईन एक नव्हे. चहाने कुणाचा दीर जात नाही. पण माझ्या नकारात दिरांचं दुःख किती आणि 'त्यांचं' म्हणून नाक मुरडणं किती, हे मला तेव्हा नीट सांगता येईना. शेवटी म्हटलं, येऊ दे.

रविवारी काय काय आलं! वाडवळांकडून उकडहंडी, आगाशीहून कुणी भुजिंग घेऊन आलं (घरचं नाही, म्हणून सुनेने दटावलं), समोरच्या इमारतीतल्या गुजराती बेनकडून मेथीचे ठेपले, शेजारणीचं इंदेल आणि फुगे. मी राजेळी केळ्यांची सुकेळी ठेवली होती आणि वालाचं बिरडं. शाकाहारी टेबल वेगळं, पळ्या वेगळ्या, पण खोली एकच. याबाबत मी ठाम आहे. शाकाहारी माणसाला 'थोडं चालतं हो' म्हणून आग्रह करणं हा उद्धटपणा आहे, आणि 'वास येतो, ते बाहेर ठेवा' म्हणणं हाही उद्धटपणाच. एक कुटुंब यादी बघून आलंच नाही. अजूनही जिन्यात भेटले की घाईत असतात. असो.

शेजारीण आली ती बाटली पदराआड धरून. माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "टीचर, यंदा छोटीच आणलीय. मोरीला जास्त नको पाजायला."

माझे पाय जमिनीला खिळले! तिला माहीत होतं. आमच्या दोघींकडे भांडी घासायला एकच बाई, तिने कधीच सांगितलं होतं. म्हणजे माहीत असूनही ती दरवर्षी मनुका साखरेत भिजवून, चिनी मातीच्या बरणीत तीन आठवडे ठेवून, रोज ढवळून, गाळून माझ्या मोरीसाठी वाईन पाठवत होती! "का गं मग?" विचारलं तर म्हणाली, "ताटाबरोबर बाटली द्यायची असते."

मग मी तिला दिरांचं सांगितलं. इतक्या वर्षांत प्रथमच. ती म्हणाली, "ठाऊक आहे. माझा भाऊपण तसाच गेला." आणि हे मला ठाऊक नव्हतं.

बाटली टेबलावर राहिली. ज्यांना हवी त्यांनी लहान पेल्यातून घेतली, गाडी चालवत जायचं होतं त्यांना सुनेने दिली नाही, आणि 'घ्या हो, घ्या' कुणी कुणाला केलं नाही. मी घेतली का? नाही. घेणारही नाही. मंगळवारी रिकामी बाटली गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. रिकामं भांडं परत पाठवू नये म्हणतात, म्हणून तिच्यात कोकम सरबत भरलं आणि या वेळी कुंपणावरून न देता मीच तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले.