दाखल्याची हद्द आणि जबलपूरचे प्रवेश

मध्य प्रदेशातील आरक्षणाचे राजकारण भोपाळमध्ये शिजते. त्याची कायदेशीर झाडाझडती जबलपूरच्या उच्च न्यायालयात होते. मार्च २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने वटहुकूम काढून इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशांपुरती या वाढीला स्थगिती दिली. अनुसूचित जातींचे १६ आणि जमातींचे २० टक्के धरता एकूण आकडा ६३ वर जात होता आणि इंद्रा साहनी खटल्यातील १९९२ च्या निकालाने आखलेली ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात होती. पुढे सरकार बदलले, तरी भाजपनेही २७ टक्क्यांचा आग्रह सोडला नाही. तो सोडणे कोणत्याच पक्षाला परवडणारे नव्हते.

या रस्सीखेचीत जबलपुरातील मराठी वस्तीचा एक जुना प्रश्न मात्र कोणाच्याच मतांच्या गणितात बसत नाही. तोफगाडी कारखाना, खमरियाचा आयुध कारखाना, रेल्वे आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतल्या नोकऱ्यांमुळे महाराष्ट्रातून आलेली मागासवर्गीय कुटुंबे येथे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. महार समाज हे त्याचे ठळक उदाहरण. तरीही महाराष्ट्रातून नंतर आलेल्या कुटुंबातील मुलाला मध्य प्रदेशच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही.

याचे मूळ मुंबईत आहे. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच आंध्रातून मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. घटनापीठाने १९९० मध्ये ती फेटाळली. घटनेच्या ३४१ व ३४२ या कलमांनुसार जात वा जमात ‘त्या राज्यापुरती’ अनुसूचित असते. एकाच नावाच्या जातीची दोन राज्यांतील स्थिती सारखी असेलच असे नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. २०१८ मध्ये नोकऱ्यांच्या संदर्भात दुसऱ्या घटनापीठाने हेच तत्त्व कायम ठेवले.

युक्तिवाद पोकळ नाही. बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी स्थानिक वंचितांच्या जागा व्यापू नयेत, ही भीती रास्तच. पण तो बदलीवर आलेल्या बापाला जितका लागू पडतो, तितका जबलपुरातच जन्मून शिकलेल्या मुलाला पडत नाही. १९५० मध्ये, राष्ट्रपतींचा पहिला आदेश निघाला तेव्हा येथे राहत असलेले कुटुंब इथले ठरते, नंतर महाराष्ट्रातून आलेले परके. गंमत अशी, की १९५० मध्ये या राज्याची राजधानी नागपूर होती.

परतीची वाटही अरुंद आहे. महाराष्ट्रातील राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे तेथील अधिवास आणि दहावी-बारावी तेथूनच उत्तीर्ण होण्याची अट असते. शिवाय जात पडताळणी. मूळ राज्याचा दाखला खऱ्या अर्थाने कामी येतो तो केंद्राच्या जागांवर: जबलपूरची केंद्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोटा, ज्यात २०२१ पासून इतर मागासवर्गीयांनाही २७ टक्के आरक्षण मिळाले. तेथे स्पर्धा साऱ्या देशाशी. प्रथम वर्ग अधिकाऱ्याचे घर शिकवणीचा खर्च पेलून तीत उतरू शकते. कारखान्यातील कामगाराच्या मुलाला घराजवळच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयातील राज्य कोट्याची जागाच हवी असते, आणि तेथे तो खुल्या प्रवर्गात मोजला जातो.

कायदेमंडळांनी या स्थलांतरितांचा विचार करावा, अशी अपेक्षा घटनापीठाने १९९० मध्येच नोंदवली होती. परंतु स्वतःच्याच मागासवर्गीयांच्या वाढीव १३ टक्क्यांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेले राज्य शेजारच्या राज्यातील दाखल्यांना आपल्या यादीत जागा देण्याची जोखीम घेणार नाही. दिल्लीत हा विषय काढायचा तर तो महाराष्ट्राच्या खासदारांनाच काढावा लागेल, आणि जबलपुरात त्यांचा एकही मतदार नाही.