यादी द्यावी, प्रती आणाव्यात

जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रती घरबसल्या कशा मिळवाव्यात, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात असे ग्रंथ पुष्कळ आहेत. तथापि एकेक पान उघडून, एकेक बटण दाबून शंभर पुस्तके उतरवून घ्यावयाची म्हणजे चमच्याने रांजण भरणेच होय.

या कामी ‘डब्ल्यूगेट’ नावाचे विनामूल्य साधन आहे. क्रोएशियाच्या ह्रवोये निक्शिच यांनी ते १९९६ साली लोकांच्या हाती दिले. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञेची एक ओळ टंकित करावी, एवढेच. आधी साध्या मजकुराच्या फायलीत, दर ओळीस एक, याप्रमाणे पत्ते लिहावेत. पत्ता पुस्तकाची माहिती देणाऱ्या पानाचा नव्हे, प्रत्यक्ष फायलीचा हवा. मग आज्ञेचे नाव, मोकळी जागा, आडवी रेघ व तिला चिकटून इंग्रजी ‘आय’, पुन्हा मोकळी जागा आणि यादीचे नाव. अक्षरे सारी लहान. रेघेसह ‘सी’ जोडल्यास, मध्येच वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा देताच अर्धवट राहिलेली फाईल तेथूनच पुढे येऊ लागते. समोरच्या यंत्राची तशी सोय मात्र असावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्यांनी जिओसिटीजची हकीकत ऐकावी. १९९४ साली अमेरिकेत निघालेल्या या वसाहतीत सामान्य माणसांनी आपापली पाने थाटली होती. विषयवार मोहल्ले होते, घरांना क्रमांकही होते. १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात, जपानी शाखा वगळून, बंद केली. अखेरच्या महिन्यांत ‘अर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या मंडळीने अशाच आज्ञा देऊन त्यातील मोठा भाग उतरवून घेतला, म्हणून तो आज पाहावयास मिळतो. कोणी कौतुकाने बाळाचे छायाचित्र लावले होते, कोणी छंदाची टिपणे. मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य होती.

परंतु हावरेपणा नको. आपले यंत्र थकत नाही, म्हणून समोरच्यास दमवू नये. रेघेसह ‘डब्ल्यू’ आणि पुढे १० हा आकडा दिला की दोन फायलींच्या दरम्यान दहा सेकंदांची विश्रांती मिळते. रात्रभर काम चालू द्यावे. पाहुण्याने यजमानाचे कोठार एका घासात रिकामे करू नये. संग्रहाचे नियम आधी वाचावेत, कारण काही ठिकाणी यंत्राने उतरवून घेण्यास मनाईच असते. शिवाय आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ग्रंथाचा स्वामित्वहक्क टिकतो, हेही ध्यानी असावे.

सकाळी उठल्यावर मोजणी करावी. यादीत १४० ओळी असतील तर १४० फायली आल्या आहेत काय? त्यांत एखादी संशयास्पदरीत्या लहान दिसली तर उघडून पाहावी. पुष्कळदा ग्रंथाऐवजी ‘पान सापडले नाही’ एवढाच निरोप आलेला असतो. अशांचे पत्ते तपासून निराळी यादी करावी आणि ती पुन्हा चालवावी.