वऱ्हाडाले टीम नको, हंगाम पाहिजे

प्रो कबड्डीचा सीझन आला की आपल्याकडं एक मागणी दरवर्षी उगवते. "विदर्भाची टीम काहून नाही?" मग ग्रुपवर वाघाच्या तोंडाचे लोगो फिरतात, संत्र्याच्या रंगाची जर्सी कोणीतरी बनवते, एखादा नेता "मी पाठपुरावा करतो" म्हणते, आणि फायनल झाली की सारं थंड. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

भाऊ, स्पष्ट बोलतो. ही मागणीच चुकीची आहे. राग आला तरी चालेल, पण पूर्ण वाचा.

आधी टीम येते कशी ते पाहू. 2014 मध्ये आठ टीम घेऊन लीग सुरू झाली. 2017 मध्ये गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू अशा चार वाढल्या आणि बारा झाल्या. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली म्हणून त्या आल्या नाहीत. अदानी, जेएसडब्ल्यू, जीएमआर यांच्यासारखे पैसेवाले पुढं आले म्हणून आल्या. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे अशा दोन आहेत. तिसरी आली तरी ती मालकाच्या हिशेबानं येईल, तुमच्या-माझ्या प्रेमानं येणार नाही.

आणि टीमचं 'घर' म्हणजे काय असते तेही आपण पाहिलं आहे. त्याच 2017 च्या सीझनमध्ये नागपूरच्या मानकापूर स्टेडियमवर सामने झाले, आठवते? अमरावती-अकोल्याहून गाड्या भरून लोक गेले. घरची टीम कोणती होती? बेंगळुरू बुल्स! बेंगळुरूची टीम नागपुरात आठवडाभर 'घरी' खेळली आणि निघून गेली. मागं राहिले आपल्या मोबाइलमधले सेल्फी. उद्या 'विदर्भ' नावाची टीम आली, तिच्यात सात हरियाणाचे आणि इराणचे खेळाडू उतरले, आणि आपला पोट्टा गॅलरीत तोंड रंगवून बसला, तर त्यात वऱ्हाडाचं काय झालं?

आता दुसरी गोष्ट पाहा. आयपीएलमध्ये विदर्भाची टीम आहे का? नाही. तरी अमरावतीचा जितेश शर्मा 2025 मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बेंगळुरूच्या टीममध्ये होता की नाही? अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएल खेळला की नाही? हे कसं झालं? नशिबानं नाही. विदर्भाच्या क्रिकेटला खालून वरपर्यंत हंगाम आहे. सोळा वर्षांखालचे सामने, एकोणीस वर्षांखालचे, मग रणजी. दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या संख्येनं. त्याच शिडीवरून विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक आणला. आयपीएलची टीम नसताना आणला.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हंगाम म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. एका रात्रीत पीक येत नाही. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी, सारं वेळेवर लागते. मग कबड्डीतच आपल्याला एका रात्रीत पीक काहून पाहिजे?

आपल्याकडं कबड्डी होते कशी? 'अमुक भाऊ चषक'. दोन-तीन दिवसांचे रात्रकालीन खुले सामने. रस्त्याला कमान, भाऊंचा पंधरा फुटी फ्लेक्स, डीजे, पहिलं इनाम मोठं, दुसरं जरा कमी. वर मंचावर वीस पाहुणे, प्रत्येकाची शाल-श्रीफळ, प्रत्येकाचं भाषण. अकरा वाजता पहिली चढाई.

याचं साधं गणित मांडतो. बत्तीस टीम आल्या, बाद पद्धत. एकूण सामने एकतीस. पहिल्या फेरीतच सोळा टीम घरी. म्हणजे आलेल्या पोरांपैकी निम्मे एक सामना खेळून, चाळीस मिनिटांत, परतीच्या काळी-पिवळीत. बारा-बारा जणांची टीम धरली तर 192 पोरं. वर्षभर सपाट्या मारल्या, जोर-बैठका काढल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि हाती चाळीस मिनिटं. राखीव असला तर तीही नाही.

आता वरचं पाहा. 2024 च्या प्रो कबड्डीत प्रत्येक टीम साखळीतच 22 सामने खेळली. 22 गुणिले 40, म्हणजे 880 मिनिटं. सोनिपत जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या प्रदीप नरवालनं 2017 च्या सीझनमध्ये 26 सामन्यांत चढाईचे 369 गुण घेतले. 369! एवढे गुण घ्यायला आधी 26 सामने तर मिळाले पाहिजेत ना बाप्पा.

मिनिटांपेक्षाही मोठी गोष्ट आहे परतीचा सामना. साखळीत समोरची टीम तुम्हाला पुन्हा भेटते. पहिल्या वेळी तुमचा चढाईपटू डाव्या कोपऱ्याला पाय मारून तीन गुण घेऊन आला. महिनाभरानं तीच टीम समोर उभी राहते तेव्हा त्यांचा डावा कोपरा तयार असतो, शेजारचा साखळी धरून असतो, तुमचा पाय हवेतच पकडला जातो. आता तुम्हाला नवा डाव शोधावा लागतो. बोनसवर जायचं की तिसऱ्या 'करो या मरो' चढाईची वाट पाहायची, समोर तीनच उरले असताना सुपर टॅकलमध्ये न फसता कसं परतायचं, हे डोकं परतीच्या सामन्यात तयार होते. बाद पद्धतीत दुसरी भेटच नाही. म्हणून आपल्या गावोगावी एका डावाचे हिरो दिसतात. ताकद आहे, दम आहे, पण दुसऱ्या डावाची पाळीच कधी आली नाही.

कोणी म्हणेल, वरची टीम असली की खालचं आपोआप सुधारते. जरा लांबचं उदाहरण घेऊ. आइस हॉकी हा कॅनडाचा जीव की प्राण. आज आपण जी हॉल-हॉकी बर्फावर पाहतो तिचा पहिला नोंदलेला सामना 1875 मध्ये माँट्रियलला झाला. पण त्यांची सगळ्यात मोठी लीग, एनएचएल, दोन देशांत पसरलेली आहे. तिच्यात 32 टीम, त्यातल्या कॅनडाच्या फक्त सात. 1993 मध्ये माँट्रियलनं कप जिंकला, त्यानंतर 2025 पर्यंत कॅनडाच्या एकाही टीमला तो मिळाला नाही. पैसा अमेरिकेत, टीम अमेरिकेत, कप अमेरिकेत.

मग कॅनडाची हॉकी मेली का? अजिबात नाही. त्या लीगमध्ये आजही सगळ्यात जास्त खेळाडू कॅनडाचेच. कारण खाली गावागावात हंगाम आहे. सस्कॅचेवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचं गाव आहे, वस्ती सतरा हजारांच्या आसपास. आपलं अचलपूर एक लाखाच्या वर आहे, म्हणजे अंदाज घ्या. त्या एवढ्याशा गावाची विशीच्या आतल्या पोरांची टीम वेस्टर्न लीगमध्ये वर्षाला 68 सामने खेळते, 34 आपल्या गावात आणि 34 बाहेर. टीमची मालकी कोण्या शेठची नाही, गावाचीच आहे. वरचा कप गेला तरी खालचा मळा हिरवा आहे.

आणि आपण? आपण तर या खेळाचे जुने वारसदार. 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं जगापुढं कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. कबड्डी आशियाई खेळांत आली 1990 मध्ये, म्हणजे चोपन्न वर्षांनंतर. ज्या मातीनं जगाला हा खेळ दाखवला, तिथली पोरं आज टीव्हीवर कोणाला पाहतात? चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई, सांगलीकडचा काशिलिंग आडके, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. सारे आपलेच, अभिमान आहे. पण तिकडं खेळायला सतत सामने आहेत, क्लब आहेत, एकमेकांची खुन्नस आहे. आपल्याकडं बर्लिनचा फोटो आहे. फोटोला हार घालून चढाईपटू तयार होत नाही.

यात पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून एवढं तोडून बोलतो. 2014 च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, 12 लाख 80 हजार. 2023 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार मिळाले. एवढ्या उंचीवर थोडेच जातात, कबूल. पण खाली रेल्वे आहे, पोलीस आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत. तिथं 'भाऊ चषका'चं प्रमाणपत्र चालत नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेचंच लागते. सोयाबीनचा भाव पडलेला, कापसाचं बोंड सडलेलं, बी.ए. झालेला पोट्टा घरी बसलेला. त्याच्या मांडीत ताकद आहे. त्या ताकदीला आपण वर्षाला चाळीस मिनिटं देतो आणि मग म्हणतो, "पोट्टे वाया गेले."

नुसती टीका करून थांबत नाही. काय करता येईल ते लिहितो, चूक असेल तर दुरुस्त करा.

अमरावतीचे चौदा तालुके आणि अकोल्याचे सात, मिळून एकवीस. त्यातून पहिल्या वर्षी आठ टीम घ्या: अमरावती, अकोला, परतवाडा, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, वरूड आणि धारणी. धारणी मुद्दाम घेतली. मेळघाटातल्या कोरकू पोरांचा दम आणि चपळाई ज्यानं पाहिली त्याला कारण विचारायची गरज नाही. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडं. एका टीमचे चौदा सामने, एकूण छप्पन. दर रविवारी चार. चौदा रविवार. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळी आटोपली की सुरू करायचं, महाशिवरात्रीच्या आसपास संपवायचं. एका पोराच्या वाट्याला 40 ऐवजी 560 मिनिटं.

नियम एकच कडक: अर्धी टीम तरी त्याच तालुक्याची. नाही तर बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणतील आणि आपले पुन्हा पाणी वाटत बसतील. मॅट आहे त्यानं द्यावी, नसेल तिथं पहिल्या वर्षी मातीवर. पण दुसऱ्या वर्षी आठही ठिकाणी मॅट पाहिजे, कारण वरचा सारा खेळ आता मॅटवर आहे आणि मातीत घडलेल्या पायाला बूट घालून वळणं नव्यानं शिकावं लागते.

आणि मुलींचं काय? प्रो कबड्डीवाल्यांनी 2016 मध्ये तीन टीमची महिलांची स्पर्धा घेतली आणि त्याच वर्षी गुंडाळली. तरी 2025 च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी ढाक्यात विश्वचषक जिंकला. आपल्या लीगमध्ये प्रत्येक रविवारी मुलांच्या सामन्याआधी मुलींचा सामना झालाच पाहिजे. ही मेहेरबानी नाही, वेळापत्रक आहे.

आता येणारे आक्षेप. "पैसा कुठून आणता?" एका चषकाचा मंच, डीजे, फ्लेक्स आणि शाली यांचा खर्च काढा. असे चषक दोन जिल्ह्यांत वर्षाला किती होतात ते तुम्हालाच माहीत आहे. तोच पैसा चौदा रविवारांवर पसरवा. भाऊंचं नाव राहू द्या ना, आमची हरकत नाही. एका रात्रीऐवजी चौदा रविवार नाव दिसेल.

"लोक येणार नाहीत." अकोट विरुद्ध दर्यापूर लावून पाहा, मग बोला. लोक येत नाहीत ते भाषणांना.

"संघटनेत गट आहेत." असतील. पण विदर्भाला राष्ट्रीय स्पर्धेत स्वतःची टीम उतरवायचा मान आहे. तो मान मिरवायचा असेल तर त्या टीमला खेळाडू पुरवणारा हंगामही उभा करा.

"एवढं सारं जमत नाही हो." हे मात्र ऐकून घेणार नाही. 2022 च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नाव गेलं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. साडेचार दिवसांत रस्ता होते, आणि त्याच रस्त्यानं चौदा रविवार आठ टीमच्या गाड्या नेता येत नाहीत?

म्हणून या वर्षी सीझन सुरू झाला आणि कोणी "विदर्भाची टीम पाहिजे" असा लोगो पाठवला, तर त्याला एकच विचारा: "तुझ्या तालुक्यातला पोट्टा या वर्षी किती सामने खेळला?" निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. चषक किती भरवले ते नको, सामने किती झाले ते सांग म्हणावं.

पटलं तर आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी इथंच आहे. आणि ज्याच्याकडं मैदान, मॅट, पंचाची शिट्टी किंवा रविवारी रिकामी उभी असलेली गाडी आहे, त्यानं तेवढंच लिहा. सोयाबीन निघेपर्यंत वेळ आहे.